फॅन सहा इंची, फट अर्धा इंची

पारनेर तालुक्यातल्या सुप्यात वारा ही मोजूनमापून घ्यायची गोष्ट आहे. या भागातल्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. कवड्या डोंगरावरच्या तर माहितीतल्याच. त्यातली एकही पवनचक्की ‘इथं शोभून दिसेल’ म्हणून उभी केलेली नाही. आधी उंच खांबावर यंत्रं बसवून निदान वर्षभर वारा मोजतात, तो कुठल्या महिन्यात कुठून आणि किती जोरानं येतो याच्या नोंदी ठेवतात, आणि मगच पाती वर चढतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, त्यामुळे इथं अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. आता याच सुप्यात नवं घर बांधणारा माणूस बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन कसा घेतो ते पाहावं. गवंड्यानं भिंतीत जे भोक ठेवलेलं असतं त्याला वायरमन टेप लावतो. दुकानदार विचारतो, “किती इंची?” गिऱ्हाईक सांगतं, “भोक सहाचं आहे.” निवड संपली. उरलेला वेळ पांढरा घ्यावा की टाइल्सला जुळणारा घ्यावा, यात जातो. तांब्याचं वाइंडिंग आहे का, वॉरंटी किती, सोबत स्क्रू मिळतात का, हे सगळं विचारून होतं. हवा तेवढी कुणाच्या तोंडी येत नाही. जी वस्तू निव्वळ हवा हलवण्यासाठी घ्यायची, तिच्या खरेदीत हवेची चौकशी होऊ नये, हे आपल्या एकूण बांधकामशास्त्राला धरूनच आहे.

माझं म्हणणं एवढंच की बाथरूमचा फॅन चांगला निघणार की नुसता गुरगुरणार, हे फॅनवर फारसं अवलंबून नसतं; हवा आत कुठून येते यावर असतं. जितकी हवा आत येईल तितकीच बाहेर जाईल, एक घनफूटही जास्त नाही. म्हणून फॅन निवडायला निघालेल्या माणसानं आधी बाथरूमच्या दाराकडे बघावं, मग खिडकीकडे, आणि सगळ्यात शेवटी दुकानाकडे. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण फॅन ओढतो अशी आपली पक्की समजूत आहे. तो ओढतो हे खरं, पण कुठून ओढायचं हे तो ठरवत नाही. जवळ जे मिळेल ते तो घेतो. या बाबतीत त्याचा स्वभाव थोडा सरकारी आहे.

जुन्या घरांत हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण तिथं न्हाणी बंदच नव्हती. परसातली न्हाणी म्हणजे एक दगड, तीन बाजूंना कमरेपेक्षा जरा उंच आडोसा आणि फार तर वर पत्रा. पत्रा आणि भिंत यांची गाठ कधी पडत नसे. पलीकडे बंब धुमसत असे, वाफ आणि धूर दोघंही आपापल्या वाटेनं निघून जात. घरातली मोरीही कोपऱ्यात उघडीच असे. मग स्लॅब आला, छतापर्यंत टाइल्स आल्या, अॅल्युमिनियमची चौकट आली, आणि पाण्यानं लाकूड कुजतं म्हणून पीव्हीसीचं दार आलं. हे दार असं घट्ट बसतं की एकदा लावलं की आतला माणूस आणि आतली वाफ यांना एकमेकांशिवाय कुणी उरत नाही. त्यातून पाणी बाहेर येऊ नये म्हणून खाली ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा उंबरा, आणि दार नेमकं त्या उंबऱ्याला टेकलेलं. आपण इतक्या निगुतीनं डबा बंद केला आणि मग त्यातली हवा काढायला वरच्या कोपऱ्यात यंत्र बसवलं.

आकडे पाहिले तर दुकानातला सगळ्यात लहान फॅनसुद्धा खरं तर कमी पडायला नको. सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि नऊ फूट उंच बाथरूममध्ये 315 घनफूट, म्हणजे साधारण 9 घनमीटर हवा मावते. तासात दहा वेळा ती सगळी बदलायची म्हटलं तर ताशी 90 घनमीटर पुरे. इंग्लंडचे इमारतींचे नियम बाथरूमसाठी सेकंदाला 15 लिटर, म्हणजे ताशी 54 घनमीटर मागतात. अमेरिकेतलं घरांच्या वायुवीजनाचं मानक मिनिटाला 50 घनफूट मागतं, ते ताशी 85 घनमीटरच्या घरात जातं. आणि आपल्याकडच्या सहा इंची फॅनच्या खोक्यावर बहुतेक वेळा ताशी 200 ते 300 घनमीटर लिहिलेलं असतं. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या गरजेच्या चौपट हवा आपण कागदावर बाहेर टाकतो, तरी आरशावर बोटानं नाव लिहिता येतं. मेख खोक्यावरच्या त्या आकड्यात आहे. तो मोजताना फॅनच्या पुढे-मागे काही अडथळा नसतो. मोकळ्या हवेत तो जेवढी हवा हलवतो तेवढी लिहिलेली असते. आपल्या बाथरूममध्ये त्याच्या मागे झडपा असतात, बाहेर कबुतरांसाठी जाळी असते, आणि पुढे हवाच नसते. उमेदवारानं प्रचारात दिलेल्या आकड्यासारखाच हा आकडा घ्यायचा: खोटा नाही, पण परिस्थिती वेगळी होती.

आता सर्वांत लोकप्रिय पद्धत बघू. बाथरूमला काचेच्या तिरप्या पट्ट्यांची खिडकी असते. वायरमन वरच्या दोन-तीन पट्ट्या काढतो, तिथं फॅन बसवतो, खालच्या पट्ट्या तशाच उघड्या राहतात. फॅन सुरू होतो, मागच्या झडपा टकाटका उघडतात, बाहेर हात धरला तर झुळूक लागते, सगळे खूश. प्रत्यक्षात बाहेरची हवा खालच्या पट्ट्यांतून आत येते, वीतभर वर चढते आणि फॅनमधून परत बाहेर जाते. बाथरूमच्या दुसऱ्या टोकाला, शॉवरखाली, वाफ निवांत उभी असते. तिला या वाहतुकीची खबरही नसते. याचं कारण साधं आहे. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते, पण त्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा! फुंकलेली हवा एका दिशेनं लांब जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी गोळा होते, म्हणून तिचा जोर तोंडापाशीच संपतो. हवा ओढणाऱ्या तोंडाच्या रुंदीइतकं अंतर दूर गेलं की वेग दहा टक्क्यांवर येतो. सहा इंची फॅनपासून सहा इंचांवर ही अवस्था, मग सात फुटांवरची वाफ तो ओढून आणेल ही अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. वाफ हलवायची तर नवी हवा तिच्या पलीकडून यायला हवी आणि तिला ढकलत फॅनपर्यंत न्यायला हवी. ती पलीकडची बाजू म्हणजे बहुतेक घरांत दार. म्हणून फॅन चालू असताना खिडकी बंद आणि दाराखाली फट उघडी, असा उलटा कारभार करावा लागतो.

ती फट किती असावी? इंग्लंडच्या नियमांत याचंही उत्तर आहे: 760 मिलिमीटर रुंदीच्या दाराखाली 10 मिलिमीटर. आपल्याकडचा फॅन त्याहून जास्त हवा हलवू पाहतो, तेव्हा अर्धा ते पाऊण इंच फट ठेवावी, किंवा दाराच्या खालच्या भागात तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवून घ्यावी; अशी पीव्हीसीची दारं तयार मिळतात. यावर पहिली हरकत घरातूनच येते, की फटीतून पाणी बाहेर येईल. पाणी अडवायला उंबरा आहे आणि तो तसाच राहणार आहे. फट त्याच्या वर ठेवायची आहे. दुसरी हरकत सभ्यतेची. पाऊण इंची फटीतून काही पाहायचं तर पाहणाऱ्याला व्हरांड्यात गालावर झोपावं लागेल, आणि इतके कष्ट घेणाऱ्या माणसाचा बंदोबस्त सुतारकामानं होत नाही. तिसरी हरकत खरी आहे: पौष-माघात पायांना गार लागतं. नगर जिल्ह्याची थंडी गमतीत घेण्यासारखी नाही. पण फॅन अंघोळ चालू असतानाच लावला पाहिजे असं कुठं आहे? त्याचं खरं काम अंघोळीनंतर सुरू होतं.

नेमकं तेव्हाच आपण तो बंद करतो. मराठी घरात रिकाम्या खोलीत चालणारा पंखा हा गुन्हा आहे, आणि लहानपणापासून त्याची शिक्षा भोगलेली माणसं मोठेपणी तोच कायदा राबवतात. माणूस बाहेर आला की हात आपोआप बोर्डाकडे जातो. दिवा बंद, फॅन बंद. मागे ओल्या भिंती, ओली फरशी, ओला टॉवेल आणि बंद दार. या काटकसरीचा हिशेब एकदा मांडून पाहू. लहान फॅन 30 वॉटचा धरला आणि रोज तासभर चालवला, तर महिन्याला एक युनिटही जळत नाही. 2000 वॉटचा गीझर तेवढी वीज अर्ध्या तासाच्या आत खातो. म्हणजे महिनाभर फॅन बंद करत फिरणारा माणूस जेवढं वाचवतो, तेवढं गीझर चालू ठेवून पेपर वाचत बसला की एका सकाळी घालवतो. फॅनचं बटण दिव्यापासून वेगळं ठेवावं, आणि जमलं तर त्याला पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर लावावा. टायमरचा मोठा गुण असा की त्याला कुणी ओरडून सांगू शकत नाही.

इथं सुपेकर म्हणेल, हे सगळं मुंबई-कोकणाला सांगा. आमच्याकडे पाऊस नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. ओल म्हणजे काय ते आम्ही टीव्हीवर बघतो. ही हरकत सगळ्यांत दमदार आहे, आणि तिचा निष्कर्ष नेमका उलटा निघतो. 10 अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, 20 अंशांला 17 ग्रॅम, 30 अंशांला 30 ग्रॅम. म्हणजे हिवाळ्यातली गार हवा दाराखालून आत आली आणि बाथरूममध्ये थोडी तापली, की दर घनमीटरमागे आठ-दहा ग्रॅम पाणी उचलायची जागा तिच्यात तयार होते. उन्हाळ्यातली हवा तर आधीच कोरडी, तिला मागे लागून पाणी प्यायला लावावं लागत नाही. आषाढातल्या चिपळूणला फॅन लावला तर बाहेरून येणारी हवाच ओलीचिंब असते. आत एक ओली हवा जाऊन दुसरी येते, फक्त माणसाला काही केल्यासारखं वाटतं. तेव्हा पारनेर तालुक्याला निसर्गानं पाण्यात हात आखडला असेल, पण कपडे-भिंती वाळवणारी हवा फुकट दिली आहे. तिला आत यायला वाट ठेवायची नाही आणि मग पीओपीच्या छतावर काळे ठिपके आले, कपाटाचं प्लाय फुगलं, की ‘मटेरियलच हलकं येतं हल्ली’ म्हणायचं, हा काही न्याय नाही.

मग खिडकीच उघडी ठेवली तर? पवनचक्क्यांच्या गावात वाऱ्याला काय तोटा? तोटा आहे, तो वेळापत्रकाचा. महाराष्ट्रात पवनचक्क्यांचा हंगाम मुख्यतः पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबरात वारा अंगात आल्यासारखा वाहतो आणि हिवाळ्यात, जेव्हा कढत पाण्यानं अंघोळी होतात आणि वाफ सर्वांत जास्त असते, तेव्हा तो बराच मंदावतो. शिवाय वारा खिडकीतून बाहेरच जाईल असं त्यानं कुणाला लिहून दिलेलं नाही. खिडकीच्या बाजूनं आला तर बाथरूममधली वाफ आणि बाकी जे काही असेल ते तो थेट दिवाणखान्यात, पाहुण्यांपर्यंत पोचवतो. हवा कुठल्या बाजूनं जाणार हे ठरवणं हाच फॅनचा खरा उपयोग. तेवढं काम खिडकी करू शकत नाही. त्यात महामार्गाची धूळ, डास आणि शेजारच्या बंगल्याची गच्ची, यांमुळे आपली खिडकी वर्षातले आठ महिने बंदच असते. ‘वायपर मारला की झालं’ म्हणणाऱ्यांचं मात्र निम्मं मान्य करायला हवं. फरशीवरचं पाणी वाळवण्यापेक्षा ते नहाणी ट्रॅपकडे ओढणं केव्हाही स्वस्त. पण वायपर भिंतीवर, छतावर आणि टॉवेलवर चालत नाही. आधी वायपर, मग फॅन, असा क्रम ठेवला तर दोघांचंही काम हलकं होतं.

आता मोठा फॅन घेण्याचा मोह. आपल्याकडे कमी पडू नये म्हणून एक नंबर वरचा घ्यायची पद्धत आहे. मुलांच्या शाळेच्या बुटांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत तिनं चांगले दिवस दाखवले आहेत. पण बंद डब्यात बारा इंची फॅन बसवला तरी आत येणारी हवा फटीइतकीच राहणार. फरक पडेल तो आवाजात, आणि आवाज म्हणजे काम अशी आपली श्रद्धा असल्यानं समाधानही वाढेल. (एका खोलीच्या घरात पाहुणे असताना या आवाजाची वेगळी उपयुक्तता आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.) मोठा फॅन वाट मिळाली नाही की आडवाटा शोधतो. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं, आणि ड्रेनेजचा वास अडवण्याचं काम ते करतं. घरगुती फॅनची ओढ काही मिलिमीटर पाण्याइतकीच, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणी असेल तर धोका नाही. पण पाहुण्यांसाठी राखलेल्या, महिनोन्‌महिने न वापरलेल्या बाथरूममध्ये ऐन उन्हाळ्यात ते पाणी आटतं; मग फॅन लावला की तो इमानेइतबारे गटाराची हवा घरात आणतो आणि शिव्या कंपनीला बसतात. अशा ट्रॅपमध्ये अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावं. बाहेरची भिंत नसेल आणि पाइप टाकून हवा दूर सोडायची असेल, तर साधा पात्यांचा फॅन वळणावळणाच्या पाइपापुढे हात टेकतो. तिथं ब्लोअरसारखा, पाइपातून ढकलायला बनवलेला फॅन घ्यावा आणि पाइप आखूड व सरळ ठेवावा. फ्लॅटच्या सामाईक डक्टमध्ये फॅन सोडणाऱ्यांनी मागची झडप नीट बंद होते ना ते पाहावं, नाहीतर तळमजल्यावरची लसणाची फोडणी तिसऱ्या मजल्यावर अंघोळ करणाऱ्याला कळते.

एका ठिकाणी मात्र विनोद बाजूला ठेवावा लागतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर ‘एक्झॉस्ट आहे ना’ हे उत्तर नाही. गॅस जळताना त्याला हवा लागते, आणि बंद खोलीत ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि चक्कर आली हे कळेपर्यंत कडीपर्यंत जायची ताकद राहत नाही. दाराखाली फट नसताना लावलेला फॅन गीझरच्या धुराला त्याच्या नळीतून उलटा खोलीत ओढू शकतो, म्हणजे सोय म्हणून लावलेली वस्तू घात करते. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या जागी असावा. त्यात फॅनची तडजोड नाही, खिडकीची नाही आणि ‘पाचच मिनिटं तर लागतात’ याचीही नाही.

उरतं ते प्रत्यक्ष घेणं, आणि ते अगदी सोपं आहे. बाथरूमची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणावी, त्याला दहानं गुणावं, आणि अडथळ्यांसाठी सूट देऊन त्याच्या दुप्पट आकडा खोक्यावर असलेला फॅन घ्यावा. सर्वसाधारण घराला सहा इंचीत भागतं. तो दारासमोरच्या किंवा दारापासून लांबच्या भिंतीवर, छताजवळ बसवावा. पाण्याचे शिंतोडे सोसणारी मोटर आणि सहज निघणारी पाती पाहावीत, कारण धुळीनं लडबडलेलं पातं कुठल्याही कंपनीचं असलं तरी सारखंच निकामी. आणि बसवून झाल्यावर वायरमनला पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्यावी. खिडकी बंद, दार बंद, फॅन सुरू. आणि बाहेरून दाराच्या खालच्या कडेपाशी पेटलेली उदबत्ती धरावी. धूर सरळ वर गेला तर फॅन नुसता फिरतोय. धुराची रेघ वाकून फटीतून आत शिरली तर हवा चालू झाली. वर्षभर वारा मोजणाऱ्या इंजिनिअरच्या उपकरणांपुढे ही उदबत्ती अगदीच गरीब, पण काम तेच करते.

‘इतकं सोपं असेल तर सगळे का करत नाहीत?’ ही शेवटची हरकत. ज्या जपानच्या कंपन्यांसाठी सुपा एमआयडीसीत वेगळं क्षेत्र राखलं आहे, त्या जपाननं 2003 पासून नव्या घरांत चोवीस तास चालणारं यांत्रिक वायुवीजन कायद्यानं सक्तीचं केलं, आणि दर तासाला घरातली निम्मी हवा बदलली पाहिजे असं ठरवून दिलं. तिथं हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हे नकाशावरच दाखवावं लागतं. आपल्या नकाशावर गणपतीची दिशा असते, तुळशीची जागा असते, दोन गाड्यांचं पार्किंग असतं. फटीला जागा नसते. त्यात कुणाचा दोष म्हणावा तर तोही सापडत नाही. आर्किटेक्ट फट काढत नाही कारण तो भाग सुताराचा, सुतार ठेवत नाही कारण दार घट्ट बसलं तरच त्याचं काम चांगलं, आणि दुकानदार सांगत नाही कारण त्याच्याकडे ती विकायला नाही. फॅनला ब्रँड आहे, दिवाळीची ऑफर आहे. फट फुकट मिळते, म्हणून तिची जाहिरात कुणी करत नाही. दार बसवायला सुतार येईल तेव्हा त्याला ‘खालून अर्धा इंच कमी कर’ एवढं सांगायला घरातल्या एका माणसानं हजर राहावं. सुतार ‘साहेब, दार लहान वाटेल’ म्हणून मान हलवेल, हलवू द्यावी.